चारचौघींत न सांगता येणारं दुखणं

मैत्रिणींनो, आजचा विषय हळदीकुंकवाला काढण्यासारखा नाही. पोटात धरणारा वारा आणि ठणकणारं माकडहाड! पण मी ही दोन्ही दुखणी दीड वर्ष अंगावर काढली, ती निव्वळ सांगायची लाज वाटली म्हणून. तेव्हा म्हटलं, लिहूनच टाकावं.

शाळेत माझे तीनच तास. पण लाकडी खुर्चीवर बसून वह्या तपासल्या की उठताना पाठीच्या अगदी शेवटच्या टोकाला अशी कळ यायची, की टेबल धरून उभी राहायची. दुपारनंतर पोट नगाऱ्यासारखं. समोर चाळीस मुलं, म्हणजे वारा दाबून धरणं आलंच. सासूबाई ओवा नि काळं मीठ द्यायच्या. घटकाभर बरं वाटायचं. शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांचा पहिलाच प्रश्न, "सकाळी पोट साफ होतं का?"

आता काय सांगायचं! आमच्याकडे सकाळी आधी ह्यांचा नंबर, मग मामंजींचा, मग मुलांचा. डबे भरून होईतो माझी शाळेची वेळ. आलेला वेग तसाच मारायचा आणि संध्याकाळी कुंथत बसायचं. त्यातून बद्धकोष्ठ, त्यातून वारा, आणि कुंथण्याचा ताण पुन्हा त्या हाडावर. ते हाड धाकटीच्या बाळंतपणातच दुखावलं असावं, असं बाई म्हणाल्या. पुरुषांपेक्षा बायकांत हे दुखणं पुष्कळ अधिक.

मधे भोक असलेली गोल उशी मी आधीच आणली होती, पण तिनं फारसं भागलं नाही. मागे उंच, पुढे उतरती आणि मागच्या बाजूला मधोमध खाच, अशी उशी हवी. मी जुन्या गादीचा फोम कापून घरीच केली. उठताना आधी पुढे वाकायचं, मग उठायचं. अर्ध्या तासाहून जास्त एका जागी बसायचं नाही.

वाल, पावटे, छोले रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यावं, ताज्या पाण्यात शिजवावेत. जेवण बसून, सावकाश. (उभ्यानं घास कोंबणाऱ्या आपण सगळ्याच!) चोथ्याचे पदार्थ मात्र बेतानं वाढवा. मी पहिल्याच आठवड्यात कोंडा नि पालेभाज्यांचा मारा केला, पोट आणखीच फुगलं. काहींना दूध सोसत नाही. पंधरा दिवस बंद ठेवून पाहावं. मला काही फरक पडला नाही.

पण शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, ताप, किंवा पन्नाशीच्या आसपास नव्यानंच रोज पोट फुगणं, यांवर घरगुती उपाय करत बसू नका. मांड्यांच्या मधे बधिर वाटलं किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

आता पहाटे साडेपाचचा नंबर माझा. पहिले चार दिवस घरात कुरकूर झाली. ह्यांचा चहा दहा मिनिटं उशिरा होतो, एवढंच.