घुगऱ्या आणि उदोउदो

सहावीच्या वर्गाला मी नागरिकशास्त्र शिकवतो. त्यात स्थानिक शासनाचा भाग येतो. एकदा महानगरपालिकेचा धडा चालू असता मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, महापौर कोण निवडतं?"

"नगरसेवक."

"आणि नगरसेवक कोण निवडतं?"

"मतदार. म्हणजे तुझे आईवडील, तुझे आजोबा."

"मग आजोबांनी ज्या पक्षाला पाडायला मत दिलं, त्याच पक्षाचा महापौर कसा झाला? आणि तोही आजोबांनी निवडून दिलेल्या माणसानं हात वर केला म्हणून?"

या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकात नाही. त्या दिवशी ते माझ्यापाशीही नव्हते. तास संपायला चार मिनिटे उरली होती, ती मी फळा पुसण्यात घालवली. त्या चुकवलेल्या उत्तराची रुखरुख मनात राहिली, म्हणून हा लेख.

मुलाच्या आजोबांनी निवडून दिलेले ते गृहस्थ मला चांगले ठाऊक आहेत, कारण मीही त्यांनाच मत दिले होते. निवडणुकीपूर्वी ते तीनदा आमच्या घरी आले. तिसऱ्या खेपेला चहाची बशी खाली ठेवून छातीवर हात मारून म्हणाले, "सर, एक वेळ घरी बसेन, पण त्या पक्षाच्या दारात पाऊल टाकणार नाही." ते निवडून आले. सभागृहात मात्र कोणालाच बहुमत मिळाले नाही. मग चार दिवस त्यांचा फोन बंद. शेजाऱ्यांनी सांगितले, साहेब सहलीला गेले आहेत. शाळेची सहल काढायची तर आम्हांला प्रत्येक पालकाचे संमतिपत्र घ्यावे लागते. नगरसेवकांच्या सहलीला मतदारांची संमती लागत नाही. सहलीची बस परतली ती थेट महापालिकेच्या दारात, आणि ज्या दारात पाऊल टाकायचे नव्हते त्याच दारातून आत जाऊन आमच्या प्रतिनिधींनी हात वर केला. आठवड्याने ते पेढे घेऊन आले. "सर, प्रभागाच्या विकासासाठी करावं लागतं," म्हणाले. मी पेढा घेतला. तो माझा अपराध, आणि तो लपवून मला दुसऱ्याच्या अपराधावर बोलता येणार नाही.

कोणी म्हणेल, हा एका गल्लीतला किस्सा झाला. तर मग ज्या गोष्टी वर्तमानपत्रांत छापून आल्या त्याच पाहू. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथे डिसेंबर २०१८ मध्ये महापालिकेची निवडणूक झाली. जागा ६८. शिवसेनेला २४, राष्ट्रवादी काँग्रेसला १८, भारतीय जनता पक्षाला १४. म्हणजे भाजप तिसऱ्या क्रमांकावर. त्याच महिन्याच्या २८ तारखेला महापौर झाला तो भाजपचा, आणि त्याला हात दिला राष्ट्रवादीच्या अठरा नगरसेवकांनी. राज्यात हे दोन पक्ष एकमेकांचे वैरी म्हणून मते मागत होते. पक्षश्रेष्ठींनी डोळे वटारले आणि जानेवारीत या नगरसेवकांना पक्षातून काढल्याचे जाहीर झाले. येथवर ती शिस्तीची कथा वाटते. परंतु पुढे पाहा. जून २०२१ मध्ये त्याच सभागृहात शिवसेनेच्या महापौर बिनविरोध निवडल्या गेल्या आणि उपमहापौरपद गेले राष्ट्रवादीकडे. त्या वेळी महापौरपद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव होते आणि मधल्या काळात राज्यात नवी आघाडी झाली होती, हे मान्य. पण मतदार तोच होता, त्याचे मतही तेच एकदा दिलेले. त्या एका मतावर पहिली अडीच वर्षे एका पक्षाचा महापौर चालला आणि पुढची अडीच वर्षे त्याच्या कट्टर विरोधकाचा. पहिल्याने त्या मताचा अर्थ बरोबर लावला की दुसऱ्याने, हे मतदाराला विचारायला कोणी गेले नाही.

हे एकाच पक्षाचे दुखणे नव्हे. डिसेंबर २०१९ मध्ये भिवंडीत ९० पैकी ४७ जागा, म्हणजे स्पष्ट बहुमत, काँग्रेसपाशी होते. तिच्या १८ नगरसेवकांनी ज्या स्थानिक आघाडीचे अवघे चार सदस्य होते तिला महापौरपद मिळवून दिले. मार्च २०२१ मध्ये जळगावात ७५ पैकी ५७ जागा जिंकलेल्या भाजपचे २७ नगरसेवक फुटले आणि १५ जागांच्या शिवसेनेचा महापौर ४५ विरुद्ध ३० मतांनी झाला. मुंबईत २०१७ साली महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे सात नगरसेवक निवडून आले आणि ऑक्टोबरात त्यांतले सहा शिवसेनेत गेले. चार शहरे घेतली तर चार पक्षांचे झेंडे दिसतात. जिकडे घुगऱ्या तिकडे उदोउदो, ही म्हण कोणत्याही एका पक्षाच्या मालकीची राहिलेली नाही.

कायदा नाही काय? आहे. स्थानिक प्राधिकरणांच्या सदस्यांच्या पक्षांतरासाठी महाराष्ट्राने १९८६ चा अनर्हता अधिनियम केला आहे. नगरसेवकांचा गट विभागीय आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. गटनेता पक्षादेश काढतो. तो मोडला तर सदस्यत्व जाऊ शकते. परंतु तक्रार, सुनावणी, अपील आणि उच्च न्यायालय या वाटेने जाता जाता महापौरपदाची अडीच वर्षे सहज उरकतात. शिवाय हा कायदा नगरसेवकाला पक्षाशी बांधतो, मतदाराशी नव्हे. पक्षानेच रातोरात बाजू बदलली, तर तिच्याबरोबर फिरणारा नगरसेवक कायद्याच्या दृष्टीने निष्ठावंत ठरतो आणि मतदाराला दिलेला शब्द पाळू पाहणारा बंडखोर!

आता या मंडळींची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांचे पहिले म्हणणे असे की, सत्तेबरोबर गेल्यावाचून प्रभागाला निधी मिळत नाही. यात तथ्य आहे, आणि तेच भयंकर आहे. महापौराच्या हाती तसे फार नसते. तो सभेचा अध्यक्ष असतो. कारभार आयुक्त चालवतात आणि तिजोरीच्या किल्ल्या सोळा जणांच्या स्थायी समितीकडे असतात. महापौरपदाच्या बेरजेत जो सामील झाला, त्याला पुढच्या वाटपात स्थान मिळते. पण विरोधात बसलेल्या प्रभागाच्या गटारातून पाणी वाहू द्यायचे नाही, असा दंडक असेल तर तो मोडण्यासाठी भांडणे हे लोकप्रतिनिधीचे काम. तो दंडक मान्य करून आपली खुर्ची पलीकडे सरकवायची आणि त्याला विकास म्हणायचे, ही मतदाराची फसवणूक आहे.

दुसरे म्हणणे असे की, माणसाने मत बदलू नये काय? अवश्य बदलावे. कालचे मत चुकले असे वाटूनही जो तेच धरून बसतो तो शहाणा नव्हे. परंतु मत बदलणे वेगळे आणि बाजू बदलणे वेगळे. ज्याचे मत बदलते तो आधी कारण सांगतो, चारचौघांत सांगतो, आणि त्यापायी काही गमवायची तयारी ठेवतो. ज्याची बाजू बदलते तो आधी हात वर करतो, कारण नंतर शोधतो, आणि गमावतो तो दुसराच कोणी. आमच्या गृहस्थांचे खरोखरच मतपरिवर्तन झाले असते, तर सहलीला जाण्यापूर्वी आमच्या चौकात एक खुर्ची टाकून त्यांना ते सांगता आले असते. चौक काही लांब नव्हता.

तिसरे म्हणणे, सगळेच असे करतात. सगळेच करीत नाहीत, याला आपल्या इतिहासात दाखला आहे. १८७६ पासून जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. ते लोकांनी निवडून दिलेले नव्हते, सरकारने नेमलेले होते. म्हणजे ज्याचे मीठ खाल्ले त्याचा उदोउदो करायला त्यांना सबळ सबब होती. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास यायचे ठरले आणि त्यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा ठराव पुढे आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्चावा असे म्हणून त्याला विरोध करणारे जोतीराव एकटेच निघाले. ठराव मंजूर झाला, पण ज्या सभासदांनी त्याला मान डोलावली त्यांची नावे आज कोणाला आठवतात? साहेबाने नेमलेला माणूस साहेबाविरुद्ध मत देऊ शकतो, आणि आम्ही निवडून दिलेला माणूस आमच्या बाजूने हात वर करू शकत नाही, याला काळाचा महिमा म्हणून सोडून द्यावे काय?

यातली खरी हानी कोणत्या पक्षाचा महापौर होतो ही नव्हे. मुंबईच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, नगरची २०२३ च्या अखेरीस. आरक्षणाच्या आणि प्रभागरचनेच्या वादांत निवडणुका अडकल्या आणि राज्यातल्या एकामागून एका महापालिकेवर प्रशासक बसले. वर्षांमागून वर्षे गेली. आमचे नगरसेवक परत द्या, असे म्हणत लोक रस्त्यावर आले काय? आमच्या चहाच्या टपरीवर तर मी उलटेच ऐकले. "बरं झालं," लोक म्हणत, "निदान एकच साहेब. त्याला सहलीला तरी न्यावं लागत नाही." ते ऐकून मला हसू आले आणि मागाहून भीती वाटली. आपण निवडलेल्या माणसापेक्षा वरून नेमलेला बरा, असे ज्या गावाला वाटू लागते, त्या गावाचे स्वराज्य कोणी हिसकावून न्यायला नको. ते उंबऱ्यापाशी बेवारस पडलेलेच असते.

मग करावे काय? नवा कायदा मागण्याआधी जुना वापरावा. महापालिका कायद्यात २००९ साली क्षेत्रसभेची तरतूद झाली आहे. खेड्यात ग्रामसभा तशी शहरात क्षेत्रसभा. आपल्या भागातल्या मतदारांपुढे नगरसेवकाने येऊन बसावे, हा तिचा हेतू. माझ्या गल्लीत ती भरलेली मी अजून पाहिलेली नाही. ती आपण लेखी मागावी. महापौराच्या निवडणुकीपूर्वी प्रतिनिधीला तेथे एकच प्रश्न विचारावा: हात कोणासाठी वर करणार, आणि का? उत्तर आवडले नाही तरी चालेल, पण ते आधी मिळाले पाहिजे. आणि नंतर पेढे घेऊन आला, तर पेढा परत करावा. ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही. घरी आलेल्या माणसाला रिते पाठवणे आपल्या हाडात नाही, आणि याच भिडेवर या मंडळींचे आजवर निभावले आहे.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिले. म्हटले, "महापौर नगरसेवक निवडतात, हे परीक्षेत लिही. पण तुझ्या आजोबांना सांग, मत दिल्यानंतर विचारायचं राहून गेलं. ते माझंही राहून गेलं."

तो म्हणाला, "सर, आता विचारलं तर चालेल?"

"चालेल," मी म्हणालो. येत्या रविवारी आजोबा आणि मी त्या गृहस्थांच्या घरी जाणार आहोत.