पावसाची डॉक्टरेट कोठे?

आगाशीच्या वाडीत सोललेली राजेळी केळी उन्हात वाळत घातली, की घरादाराचे डोळे आभाळाकडे लागतात. अवेळी मळभ दाटले तर सुकेळीचा माल हातचा जातो. अर्नाळ्याच्या कोळ्याचे तर जीवितच वाऱ्याच्या अंदाजावर. आभाळ वाचत जगलेल्या या पट्ट्यातील एखादी कन्या भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होऊन हवामानशास्त्रात डॉक्टरेट करू म्हणते, तेव्हा घरात पहिला प्रश्न कोणता निघतो? 'अमेरिकेत कुठे?' पुण्याचे नाव निघताच आवाज उतरतो. जणू तिकडे प्रवेश मिळाला नाही म्हणूनच इकडे! याचे खापर दरवेळी मेकॉलेवर फोडून मोकळे होता येणार नाही. स्वातंत्र्यानंतर हा न्यूनगंड सुशिक्षित घरांनीच जोपासला आहे.

वस्तुस्थिती काय आहे? मोसमी पाऊस हा जागतिक हवामानातील अत्यंत गहन प्रश्न असून त्याची प्रयोगशाळा ही भूमी आहे. परकीय सत्तेचा अधिकारी असलेल्या गिल्बर्ट वॉकरलाही पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरील वायुभाराचा झोका सापडला तो भारतीय पावसाचे भाकीत शोधतानाच. पुण्यात जन्मलेल्या डॉ. सुलोचना गाडगीळ यांनी १९७० मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली. पण त्या तिथे रमल्या नाहीत, मायदेशी परतल्या. १९८० मध्ये डी. आर. सिक्का यांच्यासह त्यांनी दाखवून दिले, की विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर उगवणारे मेघपट्टे उत्तरेकडे सरकत भारतभूमीवर येतात. छायाचित्रे अमेरिकी उपग्रहांची होती, प्रश्न मात्र इथला होता. हार्वर्डच्या पदवीचे मोल या परतीने वाढले, हे हार्वर्डचे नाव घेणारे सोयीस्करपणे विसरतात.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरील कुलाब्यात जेमतेम ७३. असे का होते, आधी कसे ओळखावे, हा प्रश्न वसई-विरारच्या पाणथळ वस्त्यांच्या जिवाचा आहे. कोलोरॅडोच्या प्राध्यापकाला त्याची तितकी निकड का वाटावी? साधनांचा बहाणाही आता टिकत नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेने भारताने मागितलेला क्रे महासंगणक नाकारून कमी क्षमतेचा, तोही अटी लादून दिला. त्या अपमानातून पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला. आज पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 'अर्क' महासंगणक आहे आणि मे २०२५ पासून सहा किलोमीटर जाळीचे स्वदेशी भाकीत प्रारूप राष्ट्राच्या सेवेत आहे. त्याच वर्षी अमेरिकेच्या हवामान यंत्रणेतून शेकडो कर्मचाऱ्यांना नारळ देण्यात आला, हेही पालकांनी ध्यानी घ्यावे.

मात्र 'वराहमिहिराने पर्जन्यगर्भाची लक्षणे लिहून ठेवली आहेत, आणखी काय हवे' असे म्हणून हात झटकणाऱ्या स्वकीयांचाही इथे समाचार घेतला पाहिजे. बृहत्संहितेच्या कर्त्याने निरीक्षण केले. त्याचे वंशज म्हणवणाऱ्यांनी केवळ अभिमान बाळगला. त्याची लक्षणे आजच्या नोंदींशी ताडून पाहण्याचे कष्ट कितीजण घेतात?

परदेशगमन हे पाप नव्हे. समुद्रविज्ञानाची एखादी शाखा इथे दुबळी असेल तर जावे, शिकावे, परत यावे. पण निवड विद्यापीठाच्या नावावरून नव्हे, मार्गदर्शकावरून व्हावी. त्याने मोसमी पावसावर गेल्या पाच वर्षांत काय लिहिले? विद्यार्थ्याला महासंगणकावर वेळ मिळतो का? त्याच्या हाताखालचे किती विद्यार्थी मुदतीत पदवी घेऊन बाहेर पडले? पुणे, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, दिल्लीचे आय.आय.टी. यांनाही हे प्रश्न निःसंकोच विचारावेत. कनिष्ठ संशोधकाची शिष्यवृत्ती जानेवारी २०२३ पासून ३७,००० रुपये झाली. पण ती महिनोन्‌महिने रखडत असेल, तर विद्यार्थ्याला देशभक्तीचे धडे देण्याचा अधिकार शासनाला उरत नाही. ती रक्कम दरमहा पहिल्या आठवड्यात खात्यावर जमा झालीच पाहिजे.