माळ रिकामा नसतो

केनियातील लायकिपियाच्या काळ्या मातीच्या गवताळ प्रदेशात जवळपास सगळी झाडे एकाच जातीच्या बाभळीची. तिचे काही काटे बुडाशी फुगून पोकळ होतात. मुंग्या त्यांना भोके पाडून आत राहतात. वारा सुटला की त्या भोकांतून शीळ वाजते. झाड मुंग्यांना घर आणि मधुरस देते. त्या बदल्यात हत्ती-जिराफांनी फांदीला तोंड लावले की मुंग्या त्यांना चावून हुसकावतात.

या देवाणघेवाणीत ‘अँथीन उसांबा’ हे छोटे फुलपाखरूही सामील आहे. विशिष्ट जातीच्या मुंग्या असतील त्याच झाडावर मादी अंडी घालते. एकेका काट्यात एकेक अळी राहते आणि पाठीवरच्या ग्रंथीतला गोड द्राव मुंग्यांना पाजते. तिच्या शरीरातील नायट्रोजनच्या तपासणीतून दिसले, की ती पानांवर पोसली जात नाही. एकतर ती मुंग्यांची पिल्ले खाते, नाहीतर मुंग्याच तिला भरवतात. म्हणजे नुसती बाभूळ राखून हे फुलपाखरू वाचणार नाही.

तिथेच 1995 पासून कुंपण घालून मोठे प्राणी बाहेर ठेवण्यात आले. झाडे फोफावायला हवी होती. घडले उलटेच. खाणारे नसल्याने झाडाने पोकळ काटे आणि मधुरस कमी केला, राखणदार मुंग्या हटल्या, काट्यांची गरज नसलेल्या दुसऱ्या मुंग्या आल्या. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात झाडांची वाढ मंदावलेली आणि मरही वाढलेली आढळली. पुढे 2024 मधील संशोधनाने दाखवले, की बाहेरून आलेल्या मोठ्या डोक्याच्या मुंग्यांनी स्थानिक मुंग्यांना संपवले, तिथे हत्तींनी झाडे मोडण्याचे प्रमाण पाच ते सात पट झाले. आडोसा गेल्याने सिंहांना झेब्य्राची शिकार करणेही अवघड झाले.

हे आपल्यासाठीही महत्त्वाचे आहे. दख्खनची माळरानेही सॅव्हानाच आहेत आणि आपल्या बाभळींच्या फुला-कळ्यांवर वाढणाऱ्या काही निळ्या फुलपाखरांच्या अळ्यांभोवतीही मुंग्यांचा पहारा असतो. तरीही सरकारी दफ्तरात अशी बरीच जमीन ‘पडीक’ ठरते. मग तिथे खड्डे खणून रोपे लावली जातात किंवा सरसकट चराईबंदी होते. दोन्हींमागचा हेतू चांगला असेल; पण कोण कोणावर जगते हे न पाहता केलेला उपाय कसा उलटतो, हे लायकिपियाने दाखवले आहे. माळावर पहिली कुदळ मारण्यापूर्वी तिथल्या गवताची, चराईची आणि किडा-मुंगीची पाहणी व्हायला हवी.