'बदल छोटे ठेवा' म्हणे!

सॉफ्टवेअरवाल्यांच्या जगात एक सुविचार फार लोकप्रिय आहे. मर्जला वेळ लागतोय अशी तक्रार केली रे केली की कोणीतरी तो तोंडावर फेकतंच. "बदल छोटे ठेवावेत हो!" मला या सुविचाराचा मनापासून राग येतो. का, ते सांगतो.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एकाच प्रोग्रॅमवर दहाजण काम करतात, प्रत्येकजण आपापल्या प्रतीत बदल करतो. ते बदल एकत्र करायचे, याला म्हणायचं मर्ज. आज बहुतेक ठिकाणी हे काम गिट करतं. २००५ साली लिनस टॉरवाल्ड्सने सुरू केलेलं.

आता गंमत बघा. फाइलचं नाव बदललं तर गिट ते कुठेही लिहून ठेवत नाही. मर्जच्या वेळी गायब झालेल्या आणि नव्याने आलेल्या फायली समोरासमोर ठेवून, मजकुराच्या साम्यावरून ते अंदाज बांधतं. थोडाफार मजकूर बदललेल्या हजार फायली नव्या फोल्डरात हलवल्या तर जोड्या किती तपासायच्या? हजार गुणिले हजार, म्हणजे दहा लाख! आकडा मर्यादेबाहेर गेला की गिट हा शोधच सोडून देतं. मग हललेली फाइल त्याला 'उडवलेली' दिसते आणि खोटे कॉन्फ्लिक्ट माणसाने हाताने निस्तरायचे. त्या गडबडीत शेजाऱ्याचं आठवडाभराचं काम पुसलं गेलं तरी पत्ता लागत नाही.

यावर उपाय काय, तर बदल छोटे ठेवा. आमच्या लासुर्ण्याकडे हा सल्ला ओळखीचा आहे. नीरा डाव्या कालव्याचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचत नाही म्हटलं की आधी ऐकायला मिळतं, "ऊस कमी लावा." गळती कुठे आहे, हे बघायचं नंतर!

गिटची गळती शोधली इलायजा न्यूरेन या माणसाने. त्याने चाचणीला लिनक्सचा कोड घेतला, त्यातल्या ड्रायव्हर्सच्या अख्ख्या फोल्डरचं नाव बदललं (सुमारे २६ हजार फायली), आणि त्यावर ३५ बदल एकामागून एक चढवले. दीड तासाहून जास्त चालणारं हे काम एका सेकंदाच्या आत आलं. नऊ हजार पटींहून जास्त फरक! जादू काही नाही. दुसऱ्या बाजूने ज्या फायलींना हातच लावलेला नाही, त्यांचं नवं नाव बहुतेक वेळा शोधायची गरजच नसते. फाइल नुसती दुसऱ्या फोल्डरात गेली असेल तर आधी त्याच नावाची फाइल बघावी. आणि एकदा सापडलेलं उत्तर पुढच्या बदलाला पुन्हा शोधू नये. बस्स. ही नवी पद्धत, 'ऑर्ट', नोव्हेंबर २०२१ मध्ये गिट २.३४ पासून आपोआप वापरात आली. जुनी २०२५ साली काढूनच टाकली.

आता सुविचारवाल्यांनी नीट ऐकावं. ते ३५ बदल काही अवाढव्य नव्हते! ते रखडत होते कारण फोल्डरचं नाव भलत्याच कोणीतरी बदललं होतं. आणि फोल्डरचं नाव 'थोडं थोडं' कसं बदलायचं, हे मला कोणी सांगेल का? छोटे बदल तपासणाऱ्याला वाचायला सोपे जातात, हे कबूल. पण ती माणसाची सोय झाली. तिच्याआड यंत्राचा आळस का लपवायचा?

यात खरं नुकसान वेळेचं नाही, भीतीचं आहे. मी काम केलेल्या एका ऑफिसात साफ चुकीच्या नावाचं एक फोल्डर वर्षानुवर्षं तसंच होतं. चूक सगळ्यांना माहीत होती, पण "मर्ज कोण करणार?" म्हणून हात कोणी लावत नव्हतं. नवीन आलेली पोरं ते नाव वाचून फसायची, जुनी हसायची. अवजार संथ असलं की माणसं दुरुस्ती टाळायला शिकतात, आणि पुढे त्या टाळण्यालाच शिस्त म्हणू लागतात.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी सुविचार ऐकवला तर त्याला एवढंच विचारा: यंत्र नेमकं कशात वेळ घालवतंय, हे तुम्ही मोजलंय का? नसेल, तर आधी मोजा. उपदेश नंतर.