मासे वाढले आणि मासा हरवला

विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी एक लांब लंबक टांगायचा होता आणि त्यासाठी कमी ताणला जाणारा बारीक दोरा हवा होता. अशा वेळी गळाचा दोरा उत्तम. तो शोधत चिकपेटेतील एका अरुंद बोळातल्या दुकानात गेलो. दुकानदार काकांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते, कानडी हेल घेऊन. त्यांनी विचारले, "किती किलोचा देऊ?" गळाचा दोरा जाडीवर नव्हे, तर तो किती भाराला तुटतो यावर विकला जातो, हे ऐकून पदार्थविज्ञानाच्या माणसाला बरे वाटले.

गल्ल्यामागच्या भिंतीवर एक कृष्णधवल छायाचित्र होते. दोन माणसांनी खांद्यावर बांबू घेतलेला, त्याला टांगलेला मासा जवळजवळ जमिनीला टेकलेला. डोक्यामागे बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा. "बिळी मीनू," काका म्हणाले. पांढरा मासा, कावेरीकाठी महाशीराला असेच म्हणतात. "वडिलांनी धरलेला. आता हा मिळत नाही. मिळतो तो दुसराच."

त्या शेवटच्या वाक्यासाठी मी हा लेख लिहीत आहे. मी मत्स्यशास्त्रज्ञ नाही. परंतु मोजमापाचा प्रश्न कोणत्याही शाखेचा असला तरी ओळखीचा वाटतो, आणि येथे तो आहे.

प्रथम या माशाच्या लौकिकाविषयी. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अधिकाऱ्यांपासून आजच्या हौशी गळकऱ्यांपर्यंत सर्वांनी महाशीराला गोड्या पाण्यातील सर्वांत झुंजार माशांत गणले आहे. मैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातील एकाने १९४६ मध्ये कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महाशीर गळाला लावला. तो विक्रम अजून सांगितला जातो. आमिष म्हणाल तर नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा. मासा गळाला लागला की प्रवाहाच्या दिशेने शंभर-शंभर मीटर दोरा ओढून नेतो, खडकांमागे दडी मारतो, आणि माणूस तासभर घामाघूम होतो.

या झुंजीचे थोडे गणित करून पाहावे. मीटरभर लांबीचा मासा प्रवाहाला आडवा झाला, तर पाण्यासमोर येणारे त्याचे क्षेत्रफळ पाव चौरस मीटरच्या आसपास असते. प्रवाहाचा वेग सेकंदाला दीड मीटर धरला आणि ओढगुणांक एक मानला, तर पाणी त्याला सुमारे २८० न्यूटन बलाने ढकलते. म्हणजे २८ किलोंचा भार, आणि माशाने अद्याप शेपटीही हलवलेली नाही! तोच मासा तोंड प्रवाहाकडे करून स्थिर राहिला, तर हे बल काही न्यूटनांवर येते. दोऱ्याच्या टोकाला जी ताकद जाणवते, तिच्यातील मोठा वाटा नदीचा असतो. मासा फक्त कोन निवडतो. माझ्या मते हे त्याचे कौतुक कमी करत नाही, उलट वाढवते. एवढेच की नदीवर धरणे बांधून तिचा वेग काढून घेतला, तर 'झुंजार मासा' ही गोष्टही अर्धी संपते.

आता मोजमापाकडे येऊ. बंगळुरूहून शंभरेक किलोमीटरवर, संगमच्या पुढे, गालिबोरे येथे कावेरीच्या काठी गळकऱ्यांची एक छावणी होती. मासा धरायचा, वजन करायचे, परत सोडायचा, असा तेथील नियम. प्रत्येकाने किती तास गळ टाकला, किती मासे लागले, वजन किती आणि रंगरूप कोणते, याची नोंदवही ठेवली जाई. १९९८ ते २०१२ या काळातील त्या नोंदींचा अभ्यास एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन यांनी केला. एकूण २३,६२० तास आणि ६,१६१ महाशीर. सरासरीने जवळजवळ चार तासांना एक. येथे खरे मोल तासांच्या आकड्याला आहे. 'यंदा पुष्कळ मासे मिळाले' या वाक्याला छेद नसतो. किती प्रयत्नामागे किती मासे, हे कळले तरच नदीविषयी काही कळते. भारतातील फारच थोड्या नद्यांबाबत असा छेद उपलब्ध आहे, आणि तो कोणत्या शासकीय सर्वेक्षणातून आलेला नाही, हौशी माणसांच्या वहीतून आला आहे.

एकत्रित आकडे आनंददायक होते. दर तासाला मिळणाऱ्या माशांची संख्या वर्षागणिक वाढत होती. सरासरी वजन घटत होते, म्हणजे पिल्ले वाढत होती. संरक्षण यशस्वी झाले, असा अर्थ कोणीही काढला असता, आणि तो काढलाही गेला.

मग त्याच नोंदी रंगरूपानुसार वेगळ्या केल्या गेल्या. वहीत दोन प्रकारचे महाशीर होते: एक निळसर परांचा आणि दुसरा सोनेरी, नारिंगी परांचा, वशिंडवाला. वाढ झाली होती ती सगळी निळ्या परांच्या माशाची. वशिंडवाला झपाट्याने कमी होत गेला होता. जे थोडे मिळत ते मोठे आणि वयस्क, पिल्ले जवळजवळ नाहीतच. ज्या गावात फक्त म्हातारे उरले आहेत, त्या गावाच्या जनगणनेसारखे हे चित्र आहे. दोन भिन्न समूह एकाच सरासरीत घातले की एकाची भरभराट दुसऱ्याचा अंत झाकते. संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षात हे शिकवतात, आणि आपण परीक्षेनंतर विसरतो.

निळ्या परांचा मासा आला कोठून? येथे मराठी वाचकाने थोडे सावरून बसावे. त्याचे शास्त्रीय नाव टॉर खुद्री. कर्नल साईक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून त्याचे वर्णन केले. आपला खडशी तो हाच. लोणावळ्याला वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकात त्याचे कृत्रिम प्रजनन सुरू केले. धरणांमुळे माशांच्या वाटा अडल्या, याची ती भरपाई होती आणि मनापासून केलेली होती. अंडी फलित करण्यापासून बोटभर पिल्ले दूरच्या राज्यांत सुखरूप पोहोचवण्यापर्यंतचे तंत्र तेथे विकसित झाले. देशातील मत्स्यविज्ञानात या कामाचे स्थान मोठे आहे, ते मी नाकारणार नाही. ती पिल्ले अनेक राज्यांना दिली गेली, आणि त्यांतील काही कावेरीत पोहोचली. सोडणाऱ्यांचा हेतू एवढाच होता की महाशीर कमी होत आहे, तर महाशीर सोडावा. पण भीमेचा महाशीर कावेरीत परका असतो, हा विचार तेव्हा झाला नाही.

वशिंडवाल्याच्या ऱ्हासाचे सारे खापर या पाहुण्यावर फोडणे अन्यायाचे होईल. वर कृष्णराजसागर, खाली मेट्टूर, मधल्या पट्ट्यात वाळूउपसा आणि सुरुंगाची मासेमारी. संशयित पुष्कळ आहेत. परंतु आधीच अडचणीत असलेल्या माशाच्या घरात त्याच अन्नावर जगणारा, चिवट, सहज वाढणारा भाऊबंद आणून बसवणे याला मदत म्हणता येत नाही. शिवाय दोघांना आपण एकाच नावाने हाक मारत होतो, म्हणून घरमालक बदलला तरी दाराबाहेरची पाटी तीच राहिली.

नावाची कथा तर आणखी शरमेची आहे. दीडशे वर्षे ज्याच्या झुंजीच्या कहाण्या लिहिल्या गेल्या, त्या माशाला निश्चित शास्त्रीय नाव नव्हते. बराच काळ त्याला मुसुल्ला म्हटले गेले. ते नाव साईक्सनेच दिलेले, पण दख्खनेतील वेगळ्याच माशाला. अखेर २०१८ च्या जूनमध्ये एका संशोधनपत्रिकेत उलगडा झाला. मोयार नदीतून मिळालेले नमुने तपासून दाखवण्यात आले की हा टॉर रेमादेवी आहे. केरळातील पांबार नदीतल्या लहान माशांवरून कुरूप आणि राधाकृष्णन यांनी या जातीचे वर्णन आधीच केलेले होते. बोटभर पिल्लू आणि पन्नास किलोंचा राक्षस एकच आहेत, हे जुळवायला आणखी काही वर्षे लागली. या चमूत पुण्यात काम केलेले नीलेश डहाणूकरही होते. त्याच वर्षी जागतिक लाल यादीत तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला.

आणि २०२० मध्ये वृत्तपत्रांत मथळे आले की महाशीर संकटातून बाहेर आला. तो निळ्या परांचा महाशीर होता. बातमी खोटी नव्हती. तिच्यात फक्त एक विशेषण कमी पडत होते. राष्ट्रीय विज्ञानवार्ता वाचणाऱ्यांनी असे विशेषण शोधण्याची सवय लावून घ्यावी, कारण मथळ्यात त्याला जागा मिळत नाही.

हा दोष केवळ आपला नाही. उत्तर अमेरिकेत बोफिन नावाचा एक प्राचीन वंशाचा मासा आहे. आपल्या मरळीप्रमाणे तो पृष्ठभागावर येऊन हवा घेतो आणि गळाला लागला की तसाच बेभान झुंजतो. त्याला तेथील लोकांनी बराच काळ कुचकामी मासा मानले, आणि त्याची एकच जात आहे असे पाठ्यपुस्तके सांगत राहिली. २०२२ मध्ये जनुकीय व शरीररचनेच्या पुराव्याने त्या एकीच्या दोन जाती झाल्या. दुसरीचे नाव १८३६ मध्येच कोणीतरी देऊन ठेवले होते. फरक इतकाच की बोफिन अजून मुबलक आहे. नाव उशिरा मिळाले तरी तो ते ऐकायला हजर होता.

कावेरीतील छावण्यांचे पुढे काय झाले? अभयारण्यात गळ टाकणे वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, असा अर्थ लावून २०१२ मध्ये ते थांबवण्यात आले. कायद्याचा तो अर्थ तर्कशुद्ध आहे. गळाने माशाला इजा होते, थकव्याने त्याच्या स्नायूंत आम्ल साचते, पाण्याबाहेर धरलेला प्रत्येक मिनिट त्याला महाग पडतो. 'आम्ही सोडून देतो' एवढ्याने सारे क्षम्य ठरत नाही. मला स्वतःला गळ टाकावासा वाटत नाही. तरीही बंदीच्या दिवशी दोन गोष्टी एकदम गेल्या. पूर्वी चोरटी मासेमारी करणारे काहीजण छावणीत वाटाडे झाले होते आणि नदीवर नजर ठेवत होते. त्यांची रोजी गेली. आणि ती वही बंद झाली. त्या पट्ट्यात तासांच्या हिशेबाने मोजलेली मालिका २०१२ ला तुटते, नेमकी त्या वेळी जेव्हा ती सर्वाधिक हवी होती. बंदी घालणाऱ्याने वहीची पर्यायी व्यवस्था करायला हवी होती, ही माझी तक्रार आहे.

म्हणून माझे मत असे: एका खोऱ्यातील मत्स्यबीज दुसऱ्या खोऱ्यात सोडणे तत्काळ थांबावे, मग समारंभाला कोणीही पाहुणे असोत. ज्या नदीत बीज सोडायचे त्याच नदीतील माता-पित्यांपासून ते घेतलेले असावे, आणि प्रत्येक खेपेबरोबर परातील नखाएवढा तुकडा मद्यार्कात जपून ठेवावा, म्हणजे तीस वर्षांनी कोणी विचारले तर उत्तर देता येईल. त्याला खर्च जवळजवळ नाही. जेथे वशिंडवाला उरला आहे, तेथे देखरेखीखाली, मोजक्या दिवशी, संशोधकांसाठीच गळ टाकू द्यावा आणि वही पुन्हा उघडावी. महाडजवळच्या वाळण कोंडीत किंवा वैतरणेवरच्या तिळसे येथे लोक देवाचे म्हणून महाशीर राखतात; तेथे गळाचीही गरज नाही. काठावर बसून दर महिन्याला मोजणारे महाविद्यालयीन विद्यार्थी पुरेत. हा लेख वाचणाऱ्यांत तसे कोणी असतील, तर त्यांनी सुरुवात करावी. मात्र मोजताना किती वेळ बसलो ते आधी लिहावे.

लंबक टांगून झाला. दोरा चांगला निघाला, ताण फारच कमी. पुढच्या शनिवारी पुन्हा चिकपेटेत गेलो आणि काकांना त्या छायाचित्राची प्रत काढू द्याल का, असे विचारले. त्यांनी चौकट भिंतीवरून उतरवली, धूळ पुसली आणि उलटी करून दाखवली. मागे कानडीत ठिकाण लिहिले होते, वजनही होते. साल नव्हते. "आईला विचारतो," म्हणाले, "तिला आठवेल कदाचित, मी तेव्हा झालो नव्हतो."