मेंदूतील धातू आणि ‘सफाई’ची सलाईन

‘मेंदूत धातू साचले आहेत, ते काढले की स्मरणशक्ती परत येईल, असे सांगितले आहे. करून घेऊ का?’ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचे नातेवाईक हा प्रश्न विचारतात, तेव्हा त्यांच्या हाती बहुधा लघवीचा एक अहवाल आणि पंधरा-वीस सलाईनच्या खर्चाचा कागद असतो. उत्तर ‘नको’ असेच आहे. परंतु त्यामागील कारण आपण समजून घ्यावे, कारण या दाव्याचा अर्धा भाग खरा आहे.

लोह, तांबे व जस्त हे मेंदूचे शत्रू नव्हेत. त्यांच्यावाचून चेतापेशींचे काम चालत नाही. वयपरत्वे मेंदूच्या काही भागांत लोह वाढते, आणि अल्झायमरमध्ये साचणाऱ्या ॲमिलॉइड प्रथिनाच्या थरांत हे तिन्ही धातू आढळतात. पण ते आजाराचे मूळ आहेत की आजाराने बिघडलेल्या व्यवस्थेची खूण? राखेच्या ढिगावरून आग कोणी लावली हे कळत नाही, तसेच हे आहे.

‘कीलेशन’ हा शब्द ग्रीक भाषेतील खेकड्याच्या नांगीवरून आला. औषध धातूला नांगीत पकडते व शरीराबाहेर नेते. शिशाची विषबाधा, थॅलेसेमियात वारंवार रक्त दिल्याने साठणारे लोह, तांबे साठवणारा विल्सनचा आजार, येथे हा उपचार जीवनदायी आहे. विल्सनच्या आजारात तरुण वयातच हात थरथरतात, बोलणे अडखळते, स्वभाव बदलतो. घरात असे कोणी असेल तर तपासणीस विलंब लावू नये.

अल्झायमरसाठी मात्र अनुभव निराळा आहे. 1991 मध्ये कॅनडातील 48 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डेस्फेरिऑक्झामिनची इंजेक्शने दोन वर्षे घेणाऱ्यांची दैनंदिन कामांतील घसरण मंदावलेली दिसली. पण तुलनेच्या गटाला खोटी इंजेक्शने दिली नव्हती. त्यामुळे औषधाचा परिणाम कोणता आणि सततच्या देखभालीचा कोणता, हे वेगळे काढता येत नाही. पुढे 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातील 81 जणांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात मेंदूत पोहोचणारे डेफेरिप्रोन वर्षभर दिले होते. स्मरणाशी निगडित भागातील लोह खरोखरच कमी झाले, आणि तरीही औषध घेणाऱ्यांची बुद्धी खोट्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा अधिक वेगाने ढासळली. काहींच्या रक्तातील पांढऱ्या पेशीही घटल्या. धातू निघाला, रुग्ण मात्र सुधारला नाही. माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच.

बाजारातील सलाईनमध्ये बहुधा ईडीटीए असते. ते मेंदूत फारसे शिरतच नाही. त्याचा डायसोडियम प्रकार रक्तातील कॅल्शियम एकाएकी उतरवतो. अमेरिकेत 2003 ते 2005 या काळात त्यामुळे मृत्यू झाल्याची नोंद आहे. त्या लघवीच्या अहवालाविषयीही एक विचारावे: नमुना घेण्याआधी धातू बाहेर काढणारे औषध दिले होते काय? दिले असेल, तर निरोगी माणसाच्या लघवीतही आकडा फुगलेलाच दिसेल.

ॲल्युमिनियमच्या भांड्यांची भीती जुनी आहे. 1970 च्या दशकात डायलिसिसच्या पाण्यातील ॲल्युमिनियममुळे काही रुग्णांना बुद्धिभ्रंश झाला, हे खरे. पण त्या पाण्यातील ॲल्युमिनियम डायलिसिसच्या पडद्यातून थेट रक्तात जात होते. स्वयंपाकाच्या भांड्यांमुळे अल्झायमर होतो, असा पुरावा नाही. चिंच-कोकमाचे पदार्थ त्यांत रात्रभर ठेवू नयेत, इतके पुरे.

सलाईनसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून आधी बी-12 व थायरॉइडची तपासणी करून घ्या. कानांची परीक्षा करा. ऐकू न आल्याने गोंधळलेला माणूस विसराळू वाटतो. झोपेच्या, सर्दीच्या व लघवीच्या तक्रारींसाठी चालू असलेल्या सर्व गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. त्यांतील काहींमुळे वृद्धांची बुद्धी मंदावते. मागच्या काही आठवड्यांत पडणे झाले असेल तर ते आवर्जून सांगा, कारण कवटीच्या आत हळूहळू साचलेले रक्त शस्त्रक्रियेने काढता येते. आणि कोणी वर्षानुवर्षे खात्री नसलेली भस्मे घेत असेल किंवा बॅटरीच्या कारखान्यात राबले असेल, तर रक्तातील शिशाची साधी तपासणी करावी, कोणतेही औषध आधी न देता.