आधी दात मोजा, मग डिफरन्शियलचा भाव करा

लोहारा तालुक्यातल्या रस्त्यांवर जुन्या कमांडर, बोलेरो, सुमो अजून राबताहेत. या गाड्यांचा जोर मागच्या चाकांवर. इंजिनाची ताकद शेवटी मागच्या डिफरन्शियलमधल्या क्राऊन-पिनियनवरूनच चाकांपर्यंत पोचते. तिथे घुंईऽऽ असा आवाज सुरू झाला, नव्वद नंबरच्या तेलात लोखंडाची चकाकी दिसू लागली, की मालक भंगारातला बदली माल शोधायला उमरगा, लातूर, सोलापूर गाठतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "केवढ्याला?" माझ्या मते पहिला प्रश्न "दात किती?" हाच हवा. क्राऊनला ४१ आणि पिनियनला ११ दात असतील तर चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट ३.७३ वेळा फिरतो. पिनियन ९ दातांचा असेल तर ४.५६ वेळा. बाहेरून हौसिंग सारखंच दिसतं, बोल्टही बसतात, पण ११ च्या जागी ९ चा पिनियन आला की त्याच वेगाला इंजिन सुमारे २२ टक्के जास्त फिरतं. जुन्या केबलच्या स्पीडोमीटरला वेग गिअरबॉक्सकडून कळतो, त्यामुळे काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ४९ नेच धावत असते. चारही चाकं ओढणाऱ्या जीपमध्ये तर पुढचं-मागचं गुणोत्तर जुळलं नाही की ट्रान्सफर केसच खराब होते.

उलट हिशेब मांडणारेही आहेत: कमी गुणोत्तराचा माल टाकला की इंजिन निवांत चालेल, डिझेल वाचेल. मोकळ्या महामार्गावर एकट्याने जाणाऱ्याला ते पटेलही. पण माणसं आणि पोती भरून चढ चढणाऱ्या गाडीची ओढ सुमारे १८ टक्क्यांनी घटते, पहिल्या गिअरमध्ये क्लच घासत राहतो, आणि वाचलेलं डिझेल क्लचप्लेटच्या खर्चात जातं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: भंगारातला माल घ्यायचाच कशाला, नवा क्राऊन-पिनियन टाकावा. नवा जोड उत्तम, यात वाद नाही. मात्र तो जोडीनेच घासून जुळवलेला असतो. एकच बदलून चालत नाही. त्यातच जुन्या जीपसारख्या गाड्यांत तो हौसिंगमध्ये शिम घालून बसवावा लागतो, डायल गेजने दातांमधली फट मोजावी लागते, दातांना रंग लावून ठसा नेमका मधोमध पडतो का ते पाहावं लागतं. हे करणारा हात आणि गेज जवळ नसेल तर महागातला नवा जोडही थोड्याच दिवसांत गुणगुणू लागतो. म्हणून जवळपास तसा कारागीर नसेल तर, त्याच मॉडेलचं, आतल्या सेटिंगला हात न लागलेलं, अख्खं हौसिंग घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. कारखान्यात केलेलं सेटिंग त्यात शाबूत राहतं.

तपासणीला फार काही लागत नाही. दोन्ही बाजूंचे हब दोघांनी एकाच दिशेने, बरोबरीने एक फेरा फिरवायचे आणि पिनियनच्या फ्लँजवर खडूने खूण करून तो किती फिरतो ते मोजायचं. आपल्या गाडीचाही आकडा तसाच आधी काढून ठेवायचा. मग झाकण उघडून दात पाहायचे, तेल बोटांवर चोळून पाहायचं, पाट्यांच्या बैठकीचं अंतर आणि ब्रेकचा फ्लँज मोजायचा. एवढं पाहू न देणाऱ्याकडून माल घेऊ नका. आणि विक्रेत्यांना विनंती आहे: पावतीवर किमतीशेजारी गाडीचं मॉडेल आणि क्राऊन-पिनियन दोन्हींच्या दातांची संख्या लिहून द्या.